दहा गुंठ्यांना तार किती?

हार्डवेअरच्या दुकानात हा प्रश्न हमखास कानावर पडतो. "शेठ, दहा गुंठे आहे. काटेरी तार किती लागेल?" दुकानात मुरलेला शेठ यावर आकडा सांगत नाही, उलट विचारतो, "लांबी-रुंदी किती, भाऊ?" गिऱ्हाईक जरा वैतागतं. दहा गुंठे म्हटलं ना, मग आणखी काय पाहिजे?

आणखी बरंच पाहिजे. शेठ उत्तर टाळत नसतो. नुसत्या गुंठ्यांवरून कुंपणाचा हिशोब होतच नाही, आणि तो का होत नाही हे एकदा समजलं की पुढची सगळी आकडेमोड चौथीच्या मुलालाही जमेल इतकी सोपी आहे.

१. दहा गुंठे, पण कसे?

एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. दहा गुंठे म्हणजे १०,८९० चौरस फूट. आता तीन आयताकृती जागा घेऊ. तिन्ही बरोबर दहा गुंठ्यांच्या, एक फूट इकडे नाही की तिकडे नाही.

पहिली ११० फूट लांब, ९९ फूट रुंद.
दुसरी १६५ फूट लांब, ६६ फूट रुंद.
तिसरी ३३० फूट लांब, ३३ फूट रुंद.

गुणाकार करून पाहा, तिन्हींचं उत्तर १०,८९० येतं. पण कडेकडेने चालत एक फेरी मारली, तर पहिल्या जागेभोवती ४१८ फूट चालावं लागेल, दुसऱ्या जागेभोवती ४६२ आणि तिसऱ्या जागेभोवती तब्बल ७२६. सरकारी कागदावर तिन्ही मालक सारखेच. तार घ्यायला गेले की तिसऱ्याचा खिसा पावणेदोन पटीने हलका होतो.

रस्त्यापासून विहिरीपर्यंत गेलेली चिंचोळी पट्टी ज्याच्या वाट्याला आली आहे, त्याला हे सांगावं लागत नाही. पट्टी साडेसोळा फूट रुंद असेल, तर दहा गुंठ्यांसाठी ती ६६० फूट लांब होईल आणि फेरी १,३५३ फुटांची. अशा पट्टीला कुंपण घालण्यापेक्षा शेजाऱ्याशी गोडीत राहणं स्वस्त.

२. आतलं आणि कडेचं

गोधडी शिवणारी बाई दोन हिशोब वेगवेगळे करते. आतल्या थरांना जुनी लुगडी किती, आणि कडेने फिरवायची पट्टी किती. थर आतल्या जागेवर पसरतात, पट्टी फक्त कडेने धावते. जमिनीचंही तसंच आहे. बियाणं, खत, पाणी, शेतसारा हे आतल्या जागेवर ठरतं, त्याला क्षेत्रफळ म्हणतात. कुंपण, गडगा, वई, मेंदीची रांग हे कडेवर ठरतं, त्याला परिमिती म्हणतात.

आयतात समोरासमोरच्या बाजू सारख्या असतात. म्हणून चारही बाजू मोजायची गरज नाही. एक लांबी आणि एक रुंदी मोजायची, बेरीज करायची आणि दुप्पट करायची. ११० अधिक ९९ म्हणजे २०९. दुप्पट ४१८. संपलं.

इतकं सोपं असूनही चूक होते, आणि ती ठरावीक ठिकाणीच होते. शाळेत "लांबी गुणिले रुंदी" इतकं घोटून घेतलेलं असतं की दोन आकडे समोर आले की हात आपोआप गुणाकाराकडे वळतो. दुसरी चूक दुप्पट करायचं विसरण्याची. पहिली चूक लगेच पकडता येते, कारण १०,८९० फूट तार म्हणजे तीन किलोमीटरहून जास्त, आणि दहा गुंठ्यांभोवती तीन किलोमीटर चालावं लागत नाही हे कुणालाही कळतं. दुसरी चूक मात्र अर्ध्या जागेला तार लावून झाल्यावरच समजते.

एकक पाहायची सवय असली की पहिली चूक होतच नाही. फूट आणि फूट यांची बेरीज केली तर उत्तर फुटात, गुणाकार केला तर चौरस फुटात. तार चौरस फुटाने कुणी विकत नाही.

जाळी मात्र विकतात. बऱ्याच दुकानांत चेन-लिंक जाळीचा भाव चौरस फुटावर सांगतात आणि तिथे गोंधळ उडतो. ते चौरस फूट जमिनीचे नसतात, उभ्या जाळीचे असतात: कडेची लांबी गुणिले जाळीची उंची. ४०० फूट कडेला पाच फूट उंच जाळी लावायची, तर २,००० चौरस फूट जाळी. आतली जागा दहा गुंठे आहे की पाच, याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

३. तेहतीस फुटांची साखळी

वरच्या तिन्ही जागांमध्ये ३३, ६६, ९९, १६५, ३३० असेच आकडे का आले? कारण गुंठ्याच्या पोटात ३३ आहे. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद चौरस म्हणजे एक गुंठा. जुन्या मोजणीत वापरायची शंकू साखळी ३३ फुटांचीच होती आणि तिचे १६ आणे पाडलेले असत. तिच्या दुप्पट, म्हणजे ६६ फुटांची साखळी एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाने १६२० च्या सुमारास रूढ केली. एकर मोजायला ती सोयीची, कारण अशा साखळीने मोजलेले दहा चौरस म्हणजे बरोबर एक एकर. एकराचे गुंठे ४०, हे आपल्याला तोंडपाठ असतंच.

यातून घरबसल्या अंदाज करायची एक युक्ती मिळते. कागदावर गुंठ्यांचे चौकोन मांडा. दहा गुंठे सरळ दोन ओळींत पाच-पाच मांडले, तर लांबी पाच साखळ्या, रुंदी दोन साखळ्या. फेरी १४ साखळ्या, गुणिले ३३ म्हणजे ४६२ फूट. एकाच ओळीत दहा मांडले तर फेरी २२ साखळ्या, म्हणजे ७२६. चौकोनांची संख्या तीच, फक्त मांडणी बदलली.

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्ये असतं. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. गुंठा त्याहून किंचित मोठा, सुमारे १०१.१७ चौरस मीटर. म्हणून बोलताना आर आणि गुंठा एकच धरतात, आणि कुंपणापुरतं त्याने काही बिघडत नाही. पण सातबारा कितीही वेळा उलटून पाहिला तरी त्यात जागेचा आकार सापडणार नाही. नमुना ७ मालकी आणि क्षेत्र सांगतो, नमुना १२ पिकं सांगतो. आकार नकाशात असतो, आणि नकाशा भूमी अभिलेख कार्यालयात. हद्दीवरून कुरबूर असेल तर कुंपण घालण्याआधी सरकारी मोजणी करून घेणं शहाणपणाचं. खांब रोवून झाल्यावर निघालेली मोजणी फार महागात पडते.

४. स्पार्टा लहान की मोठं?

क्षेत्रफळावरून कड ठरत नाही, हे झालं. कडेवरून क्षेत्रफळ तरी ठरतं का? याबाबत फार जुन्या काळापासून लोक फसत आले आहेत.

पॉलिबियस हा इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक इतिहासकार. तो मूळचा मेगालोपोलिस गावचा. त्याने लिहून ठेवलं आहे की मेगालोपोलिसचा घेर ५० स्टेडिया (अंतराचं जुनं ग्रीक माप) आहे आणि स्पार्टाचा ४८, तरीही स्पार्टा मेगालोपोलिसच्या दुप्पट आहे असं सांगितलं तर लोकांचा विश्वास बसत नाही. त्याच्या मते याचं कारण एकच: लहानपणी शिकलेली भूमिती मोठेपणी विसरलेली असते. बावीसशे वर्षांत यात फारसा फरक पडलेला नाही.

त्याचं म्हणणं ताडून पाहू. १२ लांब आणि १२ रुंद अशा चौरसाचा घेर ४८, क्षेत्रफळ १४४. २२ लांब आणि ३ रुंद अशा आयताचा घेर ५०, क्षेत्रफळ ६६. घेर जास्त आणि जागा निम्म्याहूनही कमी.

पाचव्या शतकातल्या प्रोक्लस या ग्रीक तत्त्ववेत्त्याने तर याचा व्यवहारातला उपयोगच सांगितला आहे. जमिनीची वाटणी करताना काही चतुर लोक दुसऱ्याला मोठ्या घेराची पण कमी क्षेत्राची जमीन द्यायचे आणि लहान घेराची, जास्त क्षेत्राची जमीन स्वतःकडे ठेवायचे. वर सचोटीचा माणूस म्हणून नावही मिळवायचे! असे काका-मामा आपल्याकडेही कमी नाहीत. फक्त ते प्रोक्लसच्या नजरेला पडले नाहीत.

आता उलट बाजूने जाऊ. समजा तुमच्याकडे बरोबर ४०० फूट जाळी उरलेली आहे आणि तिच्यात जास्तीत जास्त परसबाग बसवायची आहे. लांबी आणि रुंदीची बेरीज २०० असली पाहिजे, एवढीच अट.

१०० बाय १०० केलं तर १०,००० चौरस फूट.
१२० बाय ८० केलं तर ९,६००.
१५० बाय ५० केलं तर ७,५००.
१८० बाय २० केलं तर ३,६००.
आणि कुणी हट्टाने १९९ बाय १ केलं तर १९९.

आकड्यांकडे नीट पाहिलं तर एक गंमत दिसते. १०० वरून २० फूट सरकलो तर १०,००० मधून ४०० गेले, म्हणजे २० चा वर्ग. ५० फूट सरकलो तर २,५०० गेले, म्हणजे ५० चा वर्ग. ८० सरकलो तर ६,४०० गेले. चौरसापासून जितकं दूर जाल त्याच्या वर्गाइतकी जागा गमवाल. याचा दिलासा देणारा अर्थ असा की थोडंसं सरकल्याने फारसं बिघडत नाही. ११० बाय ९० केलं तर फक्त १०० चौरस फूट जातात. चौरसच पाहिजे म्हणून अडून बसण्याची गरज नाही, पट्टी मात्र टाळावी.

घराची भिंत एका बाजूला आयती मिळत असेल तर हिशोब बदलतो. मग जाळी तीनच बाजूंना लागते. ४०० फुटांतले २०० फूट भिंतीला समांतर आणि १००-१०० फूट दोन बाजूंना घेतले, तर २०,००० चौरस फूट जागा आत येते. चौरसाच्या बरोबर दुप्पट. इतकी लांब भिंत कुणाच्या घराला नसते हे खरं, पण प्रमाण तेच राहतं: भिंतीला समांतर बाजू दुसऱ्या बाजूच्या दुप्पट ठेवायची. ४० फूट जाळी आणि २० फूट भिंत असेल तर २० बाय १० ची बाग.

५. भास्कराचार्यांचा राग

आतापर्यंत आपण एक गोष्ट न विचारता धरून चाललो आहोत. जागा आयताकृती आहे म्हणजे चारही कोपरे काटकोनात आहेत. जमिनीवर ते तसे असतातच असं नाही.

चार बांबू टोकाला सुतळीने सैल बांधून चौकट केली आणि एका कोपऱ्याला धरून ढकलली, तर चौकट तिरकी होते. बांबूंची लांबी तीच, म्हणजे परिमितीही तीच. आतली जागा मात्र कमी होत जाते, आणि पूर्ण ढकलली तर बांबू एकमेकांवर पडून आत काहीच उरत नाही. नुसत्या चार बाजूंवरून चौकोनाचं क्षेत्रफळ ठरत नाही ते यामुळे. ११५० मध्ये लिहिलेल्या लीलावतीत भास्कराचार्यांनी हे सांगितलं आहे, आणि तेही चांगलंच चिडून. लंब किंवा कर्ण न सांगता चौकोनाचं क्षेत्रफळ विचारणाऱ्याला त्यांनी पिशाच म्हटलं आहे, आणि उत्तर देणाऱ्याला त्याहून मोठं पिशाच. याच भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापला. त्याची नोंद करणारा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणचा.

पिशाच व्हायचं नसेल तर कर्ण मोजावा. कर्ण म्हणजे समोरासमोरच्या कोपऱ्यांना जोडणारी तिरपी रेघ. आयतात दोन्ही कर्ण सारखे असतात. आपल्या ११० बाय ९९ च्या जागेत कर्ण किती यायला हवा? ११० चा वर्ग १२,१००. ९९ चा वर्ग ९,८०१. बेरीज २१,९०१. वर्गमूळ जवळजवळ १४८. गवंड्याच्या भाषेत सांगायचं तर १४८ फुटांना एक सूत कमी. टेप एका कोपऱ्यावरून समोरच्या कोपऱ्यावर ताणायचा, मग दुसऱ्या जोडीवर. दोन्हीकडे १४८ आलं तर कोपरे गुण्यात आहेत.

एका बाजूला १६२ आणि दुसऱ्या बाजूला १३२ आलं तर? तर जागा सुमारे २० फूट एका अंगाला झुकली आहे. तार तितकीच लागेल, ४१८ फूट. पण आत सव्वादोनशे चौरस फूट कमी भरतील, म्हणजे १५ बाय १५ ची एक खोली.

नव्याने आखणी करायची असेल तर गवंडी वापरतात तीच रीत घ्यावी. कोपऱ्यापासून एका दोरीवर ३ फुटांवर खूण, दुसऱ्या दोरीवर ४ फुटांवर खूण, आणि दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट येईपर्यंत दोरी सरकवायची. खोलीच्या पायाला हे पुरतं. शंभर फुटांच्या कडेला पुरत नाही, कारण तीन-चार फुटांवर झालेली बोटभर चूक शंभर फुटांवर दोन फुटांची होऊन बसते. मोठ्या जागेला तेच आकडे दहापट घ्यावेत: ३०, ४०, ५०.

६. फेरीपासून किलोपर्यंत

दुकानात काटेरी तार बहुधा किलोवर मिळते. आपल्याकडे उत्तर आहे फुटात. मधला पूल आपणच बांधायचा.

परिमिती ४१८ फूट. त्यातून फाटकाचे १२ फूट वजा केले की ४०६ उरले. तार एकाच ओळीत लावून भागत नाही. जनावरं अडवायची तर पाच ओळी सर्वसाधारण धरतात. ४०६ गुणिले ५ म्हणजे २,०३० फूट. मीटरमध्ये सुमारे ६१९. कोपऱ्यावर वेढे, जोड, ताण देताना टोकाला जाणारी तार, यासाठी पाच टक्के वाढवले की ६५० मीटर.

आता वजन. बारा गेजची तार साधारण अडीच मिलिमीटर जाड. (गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते. नवख्या गिऱ्हाइकाला हे उलटं वाटतं.) एवढ्या जाडीच्या एक मीटर तारेत ४.९ घन सेंटिमीटर पोलाद असतं. एक घन सेंटिमीटर पोलाद ७.८५ ग्रॅमचं, म्हणून मीटरला साडेअडतीस ग्रॅम. काटेरी तारेत दोन तारा एकमेकींना पिळलेल्या असतात, म्हणजे ७७ ग्रॅम. त्यावर काटे. काटे दाट की विरळ त्यानुसार मीटरचं वजन १०० ते १२० ग्रॅम धरावं. ६५० मीटरला ६५ ते ७८ किलो.

दोन तारा कशाला, हा प्रश्न इथे कुणीही विचारील. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या डीकाल्ब गावच्या जोसेफ ग्लिडन या शेतकऱ्याने १८७४ मध्ये जे पेटंट मिळवलं ते याच युक्तीचं. एकाच तारेवर काटा गुंडाळला तर तो घसरतो, फिरतो. दुसरी तार तिच्याभोवती पिळली की काटा जागच्या जागी आवळून बसतो. तुमच्या बांधावरची तार आजही तशीच आहे.

"चौदा गेज घ्या, स्वस्त पडेल," असं कुणी म्हणालं तर त्याचा अर्थ समजून घ्या. चौदा गेज सुमारे दोन मिलिमीटर. जाडी अडीचवरून दोनवर आली, म्हणजे पाचव्या हिश्शाने कमी झाली असं वाटतं. पण पोलाद जाडीच्या वर्गाने बदलतं. अडीचचा वर्ग सव्वासहा, दोनचा वर्ग चार. म्हणजे पोलाद जवळजवळ ३६ टक्के कमी. पैसे वाचतात ते तेवढं लोखंड कमी मिळालं म्हणून, आणि तारेची ताकदही त्याच प्रमाणात घटते.

मापाबद्दल शंका असेल तर एक साधा उपाय आहे. दुकानदाराला एक मीटरचा तुकडा कापून द्यायला सांगा आणि त्याच्याच इलेक्ट्रॉनिक काट्यावर टाका. ग्रॅमचा जो आकडा दिसेल त्याने ६५० ला गुणा आणि हजाराने भागा. लागणारे किलो आले. त्या तुकड्याचे पैसे द्यावे लागले तरी द्यावेत.

हाच हिशोब ३३० बाय ३३ च्या पट्टीला केला, तर ७१४ गुणिले ५ म्हणजे ३,५७० फूट, पाच टक्के धरून सुमारे १,१४० मीटर, आणि वजन ११४ ते १३७ किलो. क्षेत्र दहा गुंठेच.

७. खांब मोजताना

दहा फुटांना एक खांब धरला तर ४१८ फुटांना किती? ४१ की ४२ की ४३? इथे भलेभले बोटं मोजत बसतात.

सरळ रेषेत खांब रोवले तर खांब हे गाळ्यांपेक्षा एकाने जास्त असतात. ११० फुटांत दहा-दहा फुटांचे ११ गाळे, पण खांब १२, कारण दोन्ही टोकांना खांब लागतो. पण कुंपण गोल फिरून जिथून निघालं तिथेच येतं. तिथे शेवटचा खांब म्हणजेच पहिला खांब. म्हणून बंद फेरीत जितके गाळे तितकेच खांब.

आता प्रत्येक बाजू वेगळी घेऊ, कारण कोपऱ्यावर खांब आलाच पाहिजे. ११० फुटांच्या दोन बाजूंना ११-११ गाळे. ९९ फुटांच्या मागच्या बाजूला दहा गाळे, प्रत्येक दहा फुटांहून थोडा कमी. पुढच्या ९९ फुटांत मधोमध १२ फुटांचं फाटक, दोन्हीकडे साडेत्रेचाळीस फूट. तिथे चार गाळे केले तर अंतर अकरा फुटांच्या जवळ जातं आणि तार झोळ खाते, म्हणून पाच-पाच गाळे. फाटकाचा एक गाळा धरून या बाजूला ११. एकूण ११, ११, १० आणि ११, म्हणजे ४३ गाळे, ४३ खांब.

प्रत्येक बाजूचे खांब स्वतंत्र मोजले असते तर १२, १२, ११ आणि १२ मिळून ४७ आले असते. चार कोपरे दोनदा मोजले गेले, म्हणून चार जास्त.

याशिवाय टेकूचे तिरपे खांब. कोपऱ्यावरचा खांब दोन बाजूंनी तारेच्या ताणाने आत ओढला जातो, म्हणून त्याला दोन्ही बाजूंनी टेकू. चार कोपऱ्यांचे आठ, फाटकाच्या दोन खांबांचे दोन. एकूण ५३ खांब सांगायचे. सात फुटी खांब घेतला तर दोन फूट जमिनीत, पाच फूट वर. आणि बांधणीच्या तारेचं कुणी आधी सांगत नाही, ती ऐन वेळी संपते. ४३ खांबांवर पाच-पाच गाठी म्हणजे २१५ गाठी, गाठीला फूटभर. अठरा गेजची अर्धा-पाऊण किलो तार त्यात जाते.

८. कोपरा गेला तर, आणि वाटणी झाली तर

समजा जागेच्या एका कोपऱ्यात विजेची डीपी आहे आणि तिच्यासाठी ३० बाय २० फुटांचा तुकडा बाहेर ठेवायचा आहे. कुंपण आत वळून घ्यावं लागेल. तार किती वाढेल?

एक इंचही नाही. कोपऱ्यातून ३० फूट आणि २० फूट कड गेली, आणि आत वळल्यावर तितकीच ३० आणि २० फूट कड नव्याने आली. परिमिती ४१८ ची ४१८. खांब मात्र वाढतील, कारण वळणं वाढली. तोच तुकडा कोपऱ्यात नसून बाजूच्या मधोमध असेल, ३० फूट रुंद आणि २० फूट आत, तर आत जायला २० आणि बाहेर यायला २०, अशी ४० फूट कड वाढेल. म्हणून डीपी कोपऱ्यात असलेली बरी.

उताराची भीती लोक उगीच बाळगतात. नकाशावरची लांबी आडवी धरलेली असते आणि तार जमिनीबरोबर चढते, हे खरं. पण १०० फुटांत २० फूट चढ असला तरी तार १०२ फूटच लागते. कोकणातल्या एखाद्या उभ्या डागेला १०० फुटांत ५० फूट चढ असेल तेव्हा ती ११२ वर जाईल. साध्या उतारावर हे वर धरलेल्या पाच टक्क्यांतच मावतं.

वाटणी मात्र तारेचा फडशा पाडते. तीच ११० बाय ९९ ची जागा दोन भाऊ आणि एक बहीण यांच्यात वाटायची आहे. (शेतजमिनीला १९४७ चा तुकडेबंदी कायदा आड येतो, म्हणून ही घरालगतची जागा समजू, आणि फाटकं हिशोबातून बाजूला ठेवू.) रस्ता ९९ फुटांच्या बाजूने जातो. प्रत्येकाला रस्त्याला तोंड हवं, म्हणून ३३ फूट रुंद आणि ११० फूट लांब अशा तीन उभ्या पट्ट्या. एका पट्टीची परिमिती २८६ फूट. तिघांनी आपापलं कुंपण घातलं तर ८५८ फूट. पण मधल्या दोन हद्दींवर एकच सामाईक कुंपण ठेवलं, तर बाहेरचे ४१८ आणि मधले दोनदा ११०, मिळून ६३८ फूट. अबोल्याची किंमत २२० फूट, प्रत्येक ओळीला.

आडवे तुकडे केले असते तर सामाईक कुंपण ६१६ फुटांत झालं असतं, २२ फूट कमी. पण मग मागच्या दोघांना रस्ता कुठून द्यायचा? त्या वाटेत २२ फूट तारेपेक्षा कितीतरी जास्त किमतीची जमीन जाईल.

आता ६३८ फुटांचा खर्च तिघांत कसा वाटायचा? सारखे तीन वाटे केले तर प्रत्येकी सुमारे २१३ फूट. पण सामाईक हद्दीचा खर्च दोघांनी निम्मा-निम्मा आणि बाकीची कड ज्याची त्याने, असं ठरवलं तर कडेच्या दोघांच्या वाट्याला २३१-२३१ फूट येतात आणि मधल्याच्या वाट्याला फक्त १७६. जमीन तिघांनाही सारखीच, पण मधल्याला ५५ फुटांचा फायदा. आता मधली पट्टी कोणी घ्यायची, यावर चहाचा दुसरा कप होतो.